वायू आहे, मग तारे का नाहीत?

"वायू जमला की तारे बनतात" असं आपण मुलांना सहज सांगून टाकतो. पण ते अर्धंच खरं आहे.

थंड हायड्रोजन रेणू जवळजवळ दिसतच नाहीत. तापले की अवरक्त किरणांत, २८ आणि १७ मायक्रॉन तरंगलांबीला दिसतात. २००३ मध्ये सोडलेल्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीला ३सी ३२६ या दीर्घिकेत असा वायू सापडला, सुमारे १०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका! तरी नवे तारे मात्र अगदी थोडे. केंद्रातल्या कृष्णविवराजवळून निघणारे झोत तो ढवळत ठेवतात, असं शास्त्रज्ञ मानतात.

वर्गात ग्लासभर पाण्यात माती टाकून ढवळत राहा. गाळ बसतो का? चमचा थांबवा, मग उत्तर मुलंच देतील.