‘मिठागर’ या शब्दाचे कूळ

भाईंदरहून उत्तनकडे जाताना मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात. या पट्ट्यातील खाजणांत भरतीचे पाणी अडवून, उन्हात आटवून मीठ पिकविण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. ‘मिठागर’ हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांना म्हणूनच पुस्तकाआधी रस्त्यावर भेटतो. तरीही षष्ठी तत्पुरुष समास शिकविताना आम्ही तो लिहावयास सांगितला की कित्येक मुले ‘मीठागार’ लिहितात. एस.टी.चे आगार त्यांच्या डोळ्यांपुढे असते.

आगार म्हणजे घर, कोठार. आगर निराळ्या कुळातले. त्याचे मूळ संस्कृत ‘आकर’, म्हणजे खाण. रत्नांचा आकर तो रत्नाकर, समुद्र. प्राकृतात ‘क’चा ‘ग’ झाला आणि मराठीला मिठाचे आगर मिळाले, नारळी-पोफळीचेही मिळाले. आगरी हे नाव त्यावरूनच आले. समासात ‘मीठ’मधील दीर्घ ‘मी’ ऱ्हस्व होते, एवढे ध्यानात ठेवावे.

पूर्वपदाची कथा अधिक नवलाची आहे. ‘मीठ’ हे संस्कृत ‘मृष्ट’, प्राकृत ‘मिट्ठ’ यांपासून आले. अर्थ रुचकर, गोड. हिंदीतील ‘मीठा’ गोडच राहिला. गुजरातीत ‘मीठुं’ म्हणजे गोडही आणि मीठही. मराठीने मात्र गोडाचे नाव खाऱ्याला देऊन टाकले! ज्यावाचून भाकरीचा घास उतरत नाही त्यास गोड म्हणावे, हे आमच्या मते पंडितांचे नव्हे, राबणाऱ्यांचे व्याकरण आहे.

खाऱ्याचे जुने नाव संस्कृतात ‘लवण’, पालीत ‘लोण’. महासागराला जसा एकच खारट रस, तसा धम्मालाही विमुक्तीचा एकच रस, हा ‘उदान’मधील दृष्टान्त आपण विहारात ऐकतो; तेथे हाच ‘लोण’ आहे. मराठीत तो लोणच्यात उरला, आणि ‘अलवण’पासून झालेल्या ‘अळणी’त. (लोणी या घरचे नव्हे, ते ‘नवनीता’चे अपत्य.)

एका वर्षी घराण्याची माहिती लिहून आणावयास सांगितली असता एका मुलाने आजोबांच्या व्यवसायाची जागा कोरी ठेवली होती. ते मिठागरावर मजूर होते, हे त्याने आम्हांस एकट्यास गाठून, हळू आवाजात सांगितले. वरील पाठ आम्ही त्यानंतरच्या तासाला प्रथम घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने वही आणून दाखविली. कोरी जागा भरली होती. ‘आगर’ अचूक होते. ‘मी’ मात्र दीर्घच काढली होती.