मलनियंत्रणाचा विकार : औषधापूर्वी परीक्षा

शौचावरील ताबा सुटणे हा विकार आपल्या घरांत जितका आढळतो, त्याहून अधिक तो लपविला जातो. वृद्ध गृहस्थ पेढीवर येणे सोडतात, लग्नकार्य टाळतात, आणि घरची मंडळी त्यास वार्धक्य म्हणून मोकळी होतात. पोत्यात परखी घातल्यावाचून आपण धान्याचा भाव करीत नाही. येथे मात्र कारण न पाहताच जुलाब थांबविणारी गोळी दिली जाते.

ती कधी अगदी उलटी पडते. आमच्या धूलकोटच्या एका वृद्ध मुनिमांस पातळ मल नकळत होत असे. बऱ्हाणपुरास डॉक्टरांनी बोटाने गुदपरीक्षा केली, तेव्हा आत कठीण मलाचा गोळा अडकलेला आढळला. पातळ मल त्याच्या कडेने झिरपत होता. कोठा साफ होताच त्रास शमला. अशा रोग्यास मल बांधणारे औषध देणे म्हणजे विकार वाढविणेच होय.

म्हणून प्रथम दोन आठवड्यांची टिपणवही ठेवावी. रोजकीर्द लिहिणाऱ्यांस हे जड जाऊ नये. मल घट्ट की पातळ, कितीदा, कपडे बदलावे लागले काय, हे लिहावे. वेग येऊनही थोपविता आला नाही, की काही कळलेच नाही, हा भेद महत्त्वाचा : पहिल्यात बहुधा इच्छेने आवळता येणारा बाहेरचा स्नायू दुबळा असतो, दुसऱ्यात आतला. चालू औषधेही सांगावीत. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने मल पातळ होऊ शकतो.

स्त्रियांस बाळंतपणाविषयी आवर्जून विचारावे लागते. प्रसूतीत फाटलेल्या स्नायूचा परिणाम कित्येकदा अनेक वर्षांनी दिसतो. स्त्रिया आपणहून सांगत नाहीत, याचा दाखला गडचिरोली जिल्ह्यात आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. विषय स्त्रीरोगांचा होता; ९२ टक्के स्त्रियांस काही ना काही रोग आढळला, परंतु पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या.

आहार, औषध व स्नायूंचा व्यायाम यांनी गुण न आल्यास मोठ्या शहरी गुदद्वाराचा दाब मोजतात आणि ध्वनिलहरींच्या चित्राने स्नायूची चीर पाहतात. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतरच. मलातून रक्त, घटते वजन किंवा शौचाच्या सवयीत नवा पालट असल्यास आतड्याची दुर्बिणीने तपासणी लांबवू नये. कंबरदुखीसह ताबा एकाएकी सुटला, बैठकीची जागा बधिर झाली वा लघवी अडली, तर मात्र वही बाजूस ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे मज्जारज्जूच्या शेवटच्या नसा दाबल्या गेल्याचा संशय असतो.