पडद्यावरचा हिरवा ठिपका

(भिवंडीतल्या एका मोठ्या गोदामात माल वाहणाऱ्या रोबोटांच्या ताफ्यावर देखरेख ठेवण्याची नोकरी भाचीला नुकतीच लागली आहे. आत्याची सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या कंट्रोल रूममध्ये झाली. दोघी मुलुंडच्या.)

भाची : ट्रेनिंगमध्ये सांगतात, रोबोट सगळं आपलं आपण करतात, तुम्ही फक्त स्क्रीनवर लक्ष ठेवा. मग माझं काम तरी काय, आत्या?

आत्या : ‘फक्त लक्ष ठेवा’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खुर्चीत अख्खी पाळी काढून बघावी. लक्ष ठेवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. बरं, स्क्रीनवर दिसतं काय?

भाची : गोदामाचा नकाशा. प्रत्येक रोबोटचा एक ठिपका. हिरवा म्हणजे कामावर आहे, पिवळा म्हणजे थांबलाय, लाल म्हणजे बिघाड.

आत्या : चुकलीस. हिरवा म्हणजे ‘शेवटचं कळलं तेव्हा कामावर होता’. आत्ता काय चाललंय ते तो ठिपका सांगत नाही.

भाची : पण त्यात फरक कितीसा पडणार? सेकंदभराचा?

आत्या : रोबोट आणि सर्व्हर यांच्या बोलण्याची तुमच्याकडे कुठली पद्धत आहे?

भाची : व्हीडीए 5050 म्हणतात तिला.

आत्या : चांगलं आहे. जर्मनीतल्या मोटार उद्योगाच्या संघटनेनं पुढाकार घेऊन ती ठरवली, वेगवेगळ्या कंपन्यांचे रोबोट एकाच सर्व्हरचं ऐकावेत म्हणून. आमच्या वेळी हे सुख नव्हतं. एका कंपनीचं यंत्र घेतलं की पुढची वीस वर्षं सुटे भागही तिचे, माणसंही तिची आणि भावही तिचाच. एका कारखान्यात तर तीन कंपन्यांचे तीन पडदे होते, एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. मधे आम्ही कागदावर आकडे उतरवून घेत धावायचो. किती सांगितलं वरच्यांना! खरेदी करणाऱ्यानं कधी पाळी केलेली नसते, हे दुखणं आहे.

भाची : आत्या, ठिपका.

आत्या : हो, ठिपका. रोबोटचं काही बदललं, म्हणजे वळणावर पोचला, माल उचलला, काही अडलं, की तो आपली स्थिती कळवतो. काहीच बदललं नाही तरी जास्तीत जास्त 30 सेकंदांत एकदा कळवायचं असा नियम आहे. हे निरोप एमक्यूटीटी नावाच्या पद्धतीनं जातात. ती 1999 साली निघाली, तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहातून लांबून नजर ठेवण्यासाठी. तिच्यात एक फार शहाणी सोय आहे. जोडणी करतानाच रोबोट सर्व्हरकडे एक निरोप ठेवून देतो : मी अचानक गप्प झालो तर माझ्या वतीनं सगळ्यांना सांग की संपर्क तुटला.

भाची : मग प्रश्नच मिटला. संपर्क तुटला की ठिपका लाल.

आत्या : लगेच नाही. सर्व्हर थोडी वाट बघतो. ‘मी जोडलेला आहे’ असं रोबोटनं कळवत राहायची जी मुदत ठरलेली असते, तिच्या दीडपट. मुदत 15 सेकंदांची धरली तर साडेबावीस सेकंद. तुझा रोबोट किती वेगानं जातो?

भाची : सेकंदाला दीड मीटर.

आत्या : कर गुणाकार.

भाची : जवळजवळ चौतीस मीटर! म्हणजे तेवढं अंतर तो माझ्या हाताबाहेर, आणि स्क्रीनवर हिरवाच? तिथे माणसं चालतात, आत्या. पॅकिंगच्या बायका त्याच वाटेनं चहाला जातात.

आत्या : आता रोबोट नेमायचा कसा ते सांगते. जवळचा कोण, चार्जिंग कुणाचं किती...

भाची : ते सांगितलंय आम्हाला. सॉफ्टवेअर करतं ते. चौतीस मीटरचं सांग.

आत्या : त्याला सगळा रस्ता एकदम खुला करून देत नाहीत. मार्गाचे दोन भाग असतात. पहिला पक्का : इथवर जा. पुढचा नुसता माहितीसाठी : बहुधा इकडे जावं लागेल, पण परवानगी अजून नाही. परवानगीचा टप्पा संपेपर्यंत नवी आली नाही तर रोबोट तिथेच उभा राहतो. संपर्क तुटला तरी त्याच्यापुढे जात नाही. म्हणून टप्पा किती लांबीचा ठेवायचा हे महत्त्वाचं. लांब ठेवला तर काम झरझर होतं; आखूड ठेवला तर रोबोट वारंवार थांबतो, पण हरवला तरी जवळपासच हरवतो. तुमच्याकडे किती आहे ते विचार. मेट्रोतही तत्त्व हेच.

भाची : आपल्या मेट्रोत?

आत्या : दहिसरहून अंधेरीला येणाऱ्या दोन मार्गिका, 2ए आणि 7. 2 एप्रिल 2022ला त्यांचा पहिला टप्पा सुरू झाला. त्या गाड्या चालकाविना धावू शकतील अशाच बांधल्यात, नियंत्रण कक्ष चारकोपच्या डेपोत आहे. गाडीला कुठवर जायची मुभा आहे ते रेडिओवरून सतत कळत राहतं. कळायचं थांबलं की गाडी ब्रेक लावते. कक्षातल्या माणसानं बटण दाबायची वाट बघत नाही.

भाची : पण परवानगीच्या टप्प्यातच कुणी मधे आलं तर?

आत्या : तेव्हा तुझा, सर्व्हरचा, वायफायचा कुणाचाच संबंध नाही. रोबोटच्या अंगावर लेझरचा सुरक्षा स्कॅनर असतो. समोर कुणी आलं की तो थेट ब्रेक लावतो. अशा गाड्यांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 3691-4. जीव वाचवणारी गोष्ट नेटवर्कच्या भरवशावर ठेवायची नाही.

भाची : आणि मी इथून ‘रद्द’ दाबलं तर?

आत्या : ते निराळं. ‘रद्द’ ही विनंती आहे असं धर. आखलेल्या ओळीवरून जाणारा रोबोट पुढच्या ठरल्या जागी जाऊन थांबतो. रॅक अर्धवट उचललेला असेल आणि तसं सोडणं धोक्याचं असेल, तर ते काम पुरं करतो. मग कळवतो की रद्द झालं. ते उत्तर येईपर्यंत काहीही रद्द झालेलं नाही. बटण दाबून दुसऱ्या ठिपक्याकडे वळलीस तर चूक तुझी.

भाची : तेच म्हणते मी. शेवटी नाव माझंच येणार.

आत्या : येतंच. चौकशी खुर्चीतल्या माणसापासून सुरू होते. 24 जुलै 1994ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. आधीच्या अकराएक मिनिटांत कंट्रोल रूममधल्या दोन माणसांपुढे 275 अलार्म आले. दोघांनी काय काय वाचायचं? माणूस बेसावध नव्हता, त्याच्यावर अलार्मचा पाऊस पाडला होता. तेव्हापासून अलार्म किती असावेत याचा गांभीर्यानं विचार सुरू झाला. दहा मिनिटांत साधारण एक, एवढंच माणसाला झेपतं. तुला काल किती आले?

भाची : मोजले नाहीत. ‘रस्त्यात अडथळा’ हा सारखा येतो. सगळे न वाचताच बंद करतात.

आत्या : मोज. एकाच कोपऱ्यातून येत असतील तर तिथे कुणीतरी रोज पॅलेट ठेवतंय. ते उचलायला लाव. अलार्म दाबून टाकायची सवय लागली की एक दिवस खराही दाबला जातो.

भाची : आणि रोबोट थांबल्यावर? सुपरवायझर म्हणतात, रिमोटनं पुन्हा सुरू कर, रांग वाढते.

आत्या : जाऊन बघितल्याशिवाय नाही! सॉफ्टवेअर अडकलं असेल तर दुरून सुरू कर. पण धक्का लागला, स्कॅनरनं ब्रेक लावला, तर आधी कुणीतरी तिथे जाऊन डोळ्यांनी बघायचं. धडकेनं काय होतं ते ऐक : 16 जुलै 2021ला लंडनमधल्या एरिथ इथल्या, ऑकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीच्या गोदामात तीन रोबोट एकमेकांवर आदळले आणि आग लागली. रांग वाढू दे.

भाची : रात्रपाळीला खाली जाणारं माणूसच कमी असतं.

आत्या : मग ते लिहून दे. आणि रात्रपाळी तुला मिळते याचं मला बरं वाटतं, काळजीही वाटते. आमच्या वेळी 1948चा फॅक्टरी कायदा बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात ठेवू देत नव्हता. त्यावरून म्हणायचे, हिला पाळीची जबाबदारी कशी द्यायची? माझ्याहून नवखे मुलगे माझ्या वरच्या जागी गेले. रात्री काय घडलं ते मला सकाळी पाळीच्या वहीतूनच कळायचं. काही जण पानभर लिहायचे. काही जण लिहायचे, ‘सर्व ठीक’. त्या ‘सर्व ठीक’वाल्या सकाळी मी आधी प्लांटमध्ये फेरी मारून यायचे.

भाची : आमच्याकडे वही नाही. सगळं लॉगमध्ये असतं.

आत्या : लॉगमध्ये रोबोटनं काय कळवलं ते असतं. सात नंबर का बाजूला काढला, चाकातून आवाज येत होता का, कोणी जाऊन बघितलं, हे कुठे असतं?

भाची : व्हॉट्सअॅपवर सांगतो एकमेकांना.

आत्या : ते दुसऱ्या दिवशी सापडत नाही. वही घे, मी रकाने आखून देते. वेळ, रोबोटचा नंबर, काय झालं, कोणी जाऊन बघितलं, कोणाच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू केला. शेवटच्या रकान्यात सही घ्यायची, सुपरवायझर असले तरी.