अरण्ययात्रेचे व्यावसायिक आणि वनभूमीचे नियोजन

अरण्यावर ज्याची उपजीविका चालते, त्याला त्या अरण्याच्या नियोजनात स्थान असावे काय, हा प्रश्न वनप्रशासनासमोर वारंवार उभा राहतो. त्याला दूर ठेवावे, तर तो प्रत्येक नियमाकडे जाच म्हणून पाहतो. त्याला मोकळीक द्यावी, तर नफ्याच्या ओढीने अरण्यच झिजत जाते. अमेरिकेतील माँटाना राज्याच्या बॉब मार्शल वन्यप्रदेशात या प्रश्नाचा जो उलगडा करण्यात आला, तो आपल्याकडील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनीही अभ्यासावा असा आहे.

कायदा आणि व्यवसाय

अमेरिकेचा वन्यप्रदेश कायदा ३ सप्टेंबर १९६४ रोजी अस्तित्वात आला. या कायद्याखालील भूमीत रस्ते, मोटारी व कायमची बांधकामे यांना सामान्यतः मज्जाव आहे. मनुष्याने तेथे पाहुणा म्हणून यावे आणि परत जावे, ही त्यामागील भूमिका होय. व्यापारी व्यवसायही तेथे निषिद्ध आहेत. तथापि लोकांना अरण्याचा लाभ घेता यावा, यासाठी आवश्यक तेवढ्या सेवांना कायद्याने मुभा दिली आहे.

या मुभेवर जो व्यवसाय चालतो, त्यातील व्यावसायिकास तेथे ‘आउटफिटर’ म्हणतात. यात्रेकरूंना घोडे, खेचरे, तंबू, शिधा आणि वाटाड्या पुरवून रानात नेणे व सुखरूप परत आणणे, हे त्याचे काम. शिकारी, मासेमारीचे शौकीन आणि केवळ भ्रमंतीसाठी आलेले प्रवासी हे त्याचे ग्राहक. त्याला वनसेवेचा परवाना घ्यावा लागतो, दरवर्षी कार्ययोजना मंजूर करून घ्यावी लागते आणि उत्पन्नावर साधारणतः ३ टक्के शुल्क भरावे लागते.

बॉब मार्शल व त्यास लागून असलेले ग्रेट बेअर आणि स्केपगोट हे प्रदेश मिळून सुमारे १५ लाख एकर क्षेत्र भरते. यांपैकी स्केपगोटला १९७२ मध्ये संरक्षण मिळाले, ते नागरिकांच्या प्रयत्नाने. लिंकन या छोट्या गावातील हार्डवेअरचे दुकानदार सेसिल गारलँड हे त्यात अग्रभागी होते.

उपयोग आणि उपद्रव

आउटफिटर हा अरण्याचा जाणकार असतो, हे खरे. पण त्याच्या व्यवसायाचा भारही अरण्यावरच पडतो. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी तळ पडला की गवत नाहीसे होते, जमीन दगडासारखी घट्ट बनते आणि पावसाचे पाणी मुरत नाही. झाडाला बांधलेले जनावर खुरांनी माती उकरते व मुळे उघडी पडतात. बाहेरून आणलेल्या चाऱ्यातून उपद्रवी तणांचे बी येते. उघड्यावर ठेवलेल्या अन्नाला अस्वले चटावतात आणि शेवटी अस्वलाचाच जीव जातो.

यावरील उपाय साधे आहेत. जनावरे झाडाला न बांधता दोन झाडांमध्ये उंच ताणलेल्या दोराला बांधावी, दोराखाली रुंद पट्टा घालून साल जपावी, तणविरहित प्रमाणित चाराच न्यावा, अन्न अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत ठेवावे. हे नियम कागदावर लिहिणे सोपे. परंतु दुर्गम खोऱ्यात ते पाळले जातात की नाही, हे पाहायला दररोज कोणता वनरक्षक पोहोचणार? तेथे पोहोचतो तो आउटफिटर. म्हणून त्याला नियोजनात सहभागी करून घेणे, ही व्यवहाराचीच गरज ठरते.

मर्यादा ठरली कशी?

पर्यटकांची संख्या किती असावी, या वादाचा शेवट होत नाही. जमिनीत व अनुभवात किती बदल आपण चालवून घेणार, असा प्रश्न जॉर्ज स्टँकी, डेव्हिड कोल आदी संशोधकांनी विचारला. १९८५ मध्ये त्यांनी मांडलेली ही पद्धती ‘स्वीकारार्ह बदलाची मर्यादा’ म्हणून ओळखली जाते.

बॉब मार्शलमध्ये १९८२ पासून या धर्तीवर काम सुरू झाले होते. वनाधिकारी, शास्त्रज्ञ, आउटफिटर, घोडेस्वारांच्या संघटना आणि संरक्षणवादी नागरिक एका मेजाभोवती बसले. मतभेद तीव्र होते आणि आराखडा पूर्ण होण्यास १९८७ साल उजाडले. प्रदेशाचे चार वर्ग पाडण्यात आले व प्रत्येकासाठी मोजता येतील अशी मानके ठरली: तळावरील उघड्या जमिनीचे क्षेत्र, ठरावीक क्षेत्रातील वापरलेल्या तळांची संख्या, दिवसभरात भेटणाऱ्या इतर तुकड्या. मर्यादा ओलांडली गेली की उपाय योजावयाचे, हे आधीच मान्य झालेले असल्याने निर्णय कोणाच्या मर्जीवर राहिला नाही.

सहभाग म्हणजे सूट मात्र नव्हे. कॅलिफोर्नियातील जॉन म्युर व अँसेल अ‍ॅडम्स वन्यप्रदेशांत नुकसान नोंदले गेले असूनही, खेचरांचे तांडे नेणाऱ्या व्यावसायिकांना पूर्वीच्याच प्रमाणात परवाने देण्यात आले. २००४ मध्ये अपील न्यायालयाने ही गोष्ट कायद्याशी विसंगत ठरविली. व्यवसायाची गरज आणि भूमीची सहनशक्ती यांत विरोध आला, तर भूमीचा अधिकार प्रथम, हा त्याचा मथितार्थ.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबविले होते. त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते गाभ्याच्या कमाल २० टक्के क्षेत्रापुरते सीमित केले. ताडोबासारख्या ठिकाणी गावोगावचे तरुण वाटाडे व वाहनचालक म्हणून काम करतात. पाणवठ्याची पातळी, नव्याने पसरलेले तण, गाड्यांची गर्दी यांची पहिली खबर त्यांनाच लागते. ही खबर नोंदवहीत उतरावी, ग्रामसभेत वाचली जावी आणि आराखड्यात तिची दखल घेतली जावी. शाळांनीही एखाद्या वनवाटेची वर्षाकाठी मोजणी करण्याचा उपक्रम हाती घेण्यास हरकत नाही.

अरण्यातून मिळकत घेणाऱ्याने अरण्याचा हिशेबही ठेवावा आणि तो हिशेब सर्वांसमक्ष तपासला जावा. बॉब मार्शलच्या खोऱ्यातून घेण्यासारखा धडा हाच होय.