पक्षीनिरीक्षणाची वही

वन्यजीव म्हटले की आपल्या मुलांना ताडोबाचा वाघ आठवतो. ताडोबाची सफारी बहुतेकांच्या खिशाला परवडत नाही; म्हणून हा विषय पैसेवाल्यांचा, अशी समजूत घरोघरी होऊन बसली आहे. ती खरी नाही.

नागपूर या बाबतीत भाग्यवान शहर आहे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तलाव आहेत, सेमिनरी हिल्सची झाडी आहे. पण सुरुवातीला तेथेही जावयास नको. पावसाळा सरला की शाळेच्या मैदानावर शेपटी सतत वर-खाली हलविणारा पांढरा धोबी दिसू लागतो. हा पाहुणा हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतो व उन्हाळ्यापूर्वी परत जातो. त्याला पाहावयास दुर्बीण लागत नाही. विद्यार्थ्याने एवढेच करावे : पहिला धोबी दिसला तो दिवस वहीत लिहावा. पुढील वर्षी पुन्हा लिहावा. आम्ही बँकेतील माणसे. तारीख नसलेली नोंद आमच्या लेखी नोंदच नव्हे!

नाव ठाऊक नसले तरी अडत नाही. आकार चिमणीएवढा की कावळ्याएवढा, चोच कशी, काय खात होता, हे लिहावे. नाव मागाहून मिळते. १९०८ च्या सुमारास मुंबईत बारा वर्षांच्या सलीम अलीने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारण्यास तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलले नाही. जतन केलेले पक्षी एकेक करून दाखविले. त्या मुलाचा पुढे जगप्रसिद्ध पक्षीशास्त्रज्ञ झाला. आम्हाला या हकिकतीत मुलाइतकेच मिलार्डसाहेब महत्त्वाचे वाटतात. (बंदूक वा गलोल मात्र नको. १९७२ पासून वन्यजीव संरक्षणाचा कायदा आहे.)

मराठी नावांसाठी वाचनालयात मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ मागावा. वनखात्यातील सेवेनंतर ते अनेक वर्षे नागपुरातच राहिले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन दिवसांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. वही सुरू करावयास तो उत्तम. धोबीही तोवर आलेला असतो.

घरट्यात हात घालू नये, पिले उचलून आणू नयेत. तलावाकाठी लहान मुलांना एकटे पाठवू नये. वस्तीतील एखादा कॉलेजचा विद्यार्थी सोबत द्यावा, आणि त्याच्याजवळही वही असावी.