२६ जूनचा तास

कोल्हापूर

चि. भाचीस,


२६ जूनला नववी-दहावीच्या वर्गांना अंमली पदार्थांवर सांगायचं काम तुझ्याकडे आलंय, आणि ‘पोरांना जरा चांगलं घाबरवा’ अशी वरून सूचना आहे, असं तुझ्या आईकडून कळलं. कोल्हापुरात तो दिवस शाहू जयंतीचा. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांनी अंमली पदार्थविरोधी दिन म्हणून तीच तारीख ठरवली. पोरं सकाळच्या फेरीत घोषणा देऊन, पाय दुखवून घेऊन वर्गात बसलेली असतील. त्यांना घाबरवू नकोस. घाबरवून पाहण्याचा प्रयोग जगात आधीच झालेला आहे.

१९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातले पोलीस वर्गात यायचे, धोके सांगायचे, ‘नाही म्हणा’ शिकवायचे. बघता बघता तो अमेरिकेतल्या बहुतेक भागांतल्या शाळांत गेला. नव्वदच्या दशकात संशोधकांनी तो घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा पुढे व्यसन करण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघालाच नाही.

इंग्लंडमधला एक प्रसंग तर वर्गात जरूर सांग. मार्च २०१० मध्ये स्कनथॉर्प गावात दोन तरुण दगावले. मेफेड्रोन या अंमली पदार्थाने बळी घेतला म्हणून वर्तमानपत्रांनी रान उठवलं, पुढच्याच महिन्यात त्यावर बंदी आली. मे महिन्यात तपासणीचा अहवाल आला, तर दोघांच्याही शरीरात मेफेड्रोन नव्हतं. मेफेड्रोन घातकच आहे, बंदीही योग्यच होती. पण एकदा खोटी ठरलेली भीती पुढच्या खऱ्या इशाऱ्यालाही खोटं पाडते. पंधरा वर्षांचं पोर मोबाईलवर दोन मिनिटांत पडताळा घेतं. दहा वाक्यांतलं एक चुकीचं सापडलं की उरलेली नऊ त्याच्यासाठी संपली.

हेच मेफेड्रोन आपल्याकडे ‘एमडी’ या नावानं फिरतं. २०१५ पासून भारतात ते एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. आणि ते काही फक्त मुंबईतल्या पार्ट्यांत राहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीच्या फार्महाऊसवर छापा घातला, तिथं एमडी तयार होत होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या एमडीच्या तपासाचा धागा सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आला. मुलांना हे सांग, पण तासाचा मोठा वाटा एमडीला देऊ नकोस. तुझ्या वर्गातल्या मुलाच्या हाताला आधी जे लागतं ते शाळेच्या कोपऱ्यावर मिळतं: मावा, पंक्चरचं सोल्यूशन, आणि आता इंजेक्शन.

तंबाखू-सुपारीच्या माव्यापासून सुरुवात कर. निपाणीची तंबाखू आपल्या उशाशीच. मुलांना वाटतं, तंबाखू वाईट, सुपारीचं काय एवढं? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली सुपारीला तंबाखूशिवायही माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साठत जातात, गाल ताठ होतो, तोंड उघडेनासं होतं. याची साधी तपासणी दंतवैद्य करतात: तोंड पूर्ण उघडून स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायची. ती आरामात जायला हवीत. त्याच्याही आधी लक्षण दिसतं ते तिखट न सोसण्याचं. तांबडा रस्सा ओरपणारा पोरगा अचानक जेवताना तोंड पोळतंय म्हणायला लागला, तर घरच्यांनी त्याचा गाल बघावा. ही तपासणी सगळ्या वर्गासमोर एकेकाला उभं करून मात्र घेऊ नकोस. घरी आरशासमोर करा म्हणून सांग. ज्याची बोटं जाणार नाहीत, तो पोरगा चारचौघांत हसं झालं तर पुन्हा तुझ्याकडे फिरकणार नाही.

सोल्यूशनबद्दल एकच गोष्ट, पण नीट सांग. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत, जी दिल्लीच्या एम्सनं केली, हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे: १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. या वाफा हृदयाला अ‍ॅड्रेनलिनच्या बाबतीत हळवं करतात. हुंगल्यावर कुणी दचकवलं, पोरगा पळाला, तर ठोके बिघडून तिथल्या तिथं मृत्यू येऊ शकतो. पहिल्या वेळीसुद्धा.

इंजेक्शनचा विषय आपल्या भागात जास्त नाजूक, कारण तो व्यसन म्हणून येतच नाही. तो ताकद म्हणून येतो. खासबागच्या कुस्ती मैदानाचं आणि तालमींचं हे गाव. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी पहाटे धावणारी पोरं, जिममध्ये दंड फुगवणारी पोरं, यांच्या हातात मेफेंटरमाईनच्या बाटल्या पोचल्या आहेत; कोल्हापूर-सांगली पट्ट्यात पोलिसांनी त्या पकडल्याही आहेत. हे औषध भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर डॉक्टर वापरतात. ते शरीरात नवी ताकद घालत नाही. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन ते एकदम बाहेर काढतं. वर्षाचं धान्य एका रात्रीत जेवणावळीला काढावं तसं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय जोरात चालतं, थकवा जाणवेनासा होतो. साठा रिकामा होत आला की तोच डोस कमी पडतो आणि पोरगा मात्रा वाढवतो. पुढे हृदयाचा स्नायू खराब होणं, मेंदूत रक्तस्राव, भास होणं, हे सगळं नोंदलं गेलेलं आहे.

आणि थकवा न जाणवणं हा फायदा नव्हेच. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत ब्रिटनचा टॉम सिम्पसन मों व्हांतू डोंगराच्या चढावर कोसळून मरण पावला. कडक ऊन होतं आणि पोटात अ‍ॅम्फेटामीन होतं. थांबायला सांगणारी शरीराची हाक औषधानं दाबली होती. मेफेंटरमाईन त्याच कुळातलं. खेळातही त्यावर जागतिक बंदी आहे. पैलवान व्हायचं स्वप्न बघणाऱ्या मुलाला हे कळलं, तर ‘व्यसन वाईट’ अशा शंभर वाक्यांपेक्षा त्याचा उपयोग होईल.

एक प्रश्न हमखास येईल: ‘बाई, एकदा घेतल्यानं काय होतंय?’ तिथं खोटं बोलू नकोस. एकदा घेणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, कधी तरी घेतलेल्यांपैकी व्यसनात अडकलेल्यांचं प्रमाण असं निघालं: तंबाखू साधारण ३२ टक्के, हेरॉईन २३, दारू १५, गांजा ९. तंबाखू सगळ्यात वर आहे, हे वाचून वर्ग गप्प होईल. त्या शांततेत पुढचं सांग: कोण अडकणार हे आधी ओळखता येत नाही, आणि आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. म्हणून लवकर सुरू करणाऱ्याला धोका जास्त. नशेत बरं वाटतं, हेही कबूल कर. बरं वाटत नसतं तर कुणी घेतलंच नसतं.

माहिती दिली की पोरं सुधारली, असंही समजू नकोस. पुण्यात लेखक अनिल अवचटांनी गर्द या अंमली पदार्थाच्या व्यसनात अडकलेल्या पोरांमध्ये बसून, त्यांचं ऐकून लिहिलं. त्यातूनच डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला हात दिला. त्या कामात ऐकणं आधी होतं. तुझ्या तासातही निम्मा वेळ प्रश्नांना ठेव, नाव न लिहिता चिठ्ठीवर विचारू दे.

तास संपल्यावर एखादा मागे रेंगाळेल. ‘माझ्या मित्राला...’ अशी सुरुवात करेल. मित्र कोण ते विचारू नकोस, मुख्याध्यापकांकडे धावू नकोस, आधी ऐकून घे. त्याला सांग की १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाईनचा नंबर फुकट आहे. पकडतील या भीतीनं उपचार टाळत असेल, तर हेही सांग की स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनीला, थोड्या प्रमाणातल्या पदार्थाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण एनडीपीएस कायद्याचं कलम ६४ अ देतं. आणि त्याच्याबरोबर जायला घरचं कुणी तयार नसेल, तर तू जा.

तुझा,
मामा