गोळीची वेळ आणि छाटणीची तारीख

द्राक्षबागायतदाराला वेळेचं मोल शिकवावं लागत नाही. गोडी छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट एक-दोन दिवसांत लागलीच पाहिजे. जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवायचे ते मणी ठरावीक आकाराचा असतानाच. पाऊस उघडला की डावणी रोगावरचा फवारा उद्यावर टाकून चालत नाही. दिंडोरी तालुक्यातल्या कुठल्याही बागेत विचारा, हेच सांगतील. पार्किन्सनच्या औषधाचा हिशेबही असाच वेळेचा आहे. हा आजार घेऊन मी काही वर्षं बाग सांभाळतो आहे. माझ्यासारखे जे कामात आहेत, ज्यांना घरी बसणं परवडणारं नाही आणि मानवणारंही नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पार्किन्सन म्हणजे हात थरथरणं, असं सगळे धरून चालतात. माझी सुरुवात तशी झाली नाही. उजवा खांदा आखडला आणि छाटणीची कात्री चालेना. टोळीतली पोरं दोन ओळी पुढं जायची आणि मी अजून पहिल्याच ओळीत. खांदा धरलाय म्हणून तेल झालं, शेक झाला, दुखण्याच्या गोळ्या झाल्या, त्यात बरेच महिने गेले. मजुरांच्या हजेरीच्या वहीत माझं अक्षर बारीक होत चाललंय, ओळीच्या शेवटी तर मुंग्यांएवढं होतंय, हे बायकोच्या लक्षात आलं. गंधकाच्या धुरळणीचा वास मला येईनासा झाला होता. रात्री झोपेत मी ओरडायचो, लाथा झाडायचो. बद्धकोष्ठ तर कित्येक वर्षांचं. या सगळ्यांचं एकमेकांशी नातं असेल असं आमच्या घरात कुणाला वाटलं नाही. नाशिकच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं आणि निदान सांगितलं. रक्ताच्या तपासणीत हा आजार दिसत नाही. एमआरआय काढतात तो मुख्यतः दुसरं काही नाही ना, हे बघायला. म्हणून खांदा, अक्षर, वास, झोप यांतलं दोन-तीन गोष्टींचं एकदम बिनसलं असेल तर हाडांच्या दवाखान्यात वर्ष घालवू नका.

मेंदूच्या एका लहानशा भागातल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. त्या मरत जातात आणि हालचाल मंदावते. लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन बनतं. आपल्याकडे सिंडोपा या नावानं जी गोळी मिळते तिच्यात लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतं, म्हणजे औषध मेंदूत पोहोचण्याआधी वाटेतच खर्ची पडत नाही आणि मळमळही कमी होते. १९६७ साली जॉर्ज कोट्झियास या डॉक्टरांनी न्यूयॉर्क राज्यात दाखवून दिलं की हे औषध अगदी थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत नेलं तर रुग्ण ते सोसतो आणि हिंडूफिरू लागतो. आजही तीच रीत आहे. त्यामुळे पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही म्हणून डॉक्टर बदलू नये, आणि मळमळलं म्हणून गोळी फेकू नये.

आता वेळेचं. गोळीतलं लेव्होडोपा आणि जेवणातली प्रथिनं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच वाटेनं जातात. दोन्ही एकदम आली की औषध मागं राहतं. आपल्याकडे गोळी घ्यायची ती दुधाच्या चहाबरोबर नाहीतर जेवणानंतर, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. या गोळीला ती चालत नाही. जेवणाआधी किमान अर्धा तास, किंवा जेवण झाल्यावर तास-दीड तासानं, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मी उठल्याबरोबर, अंथरुणावर असतानाच पहिली गोळी घेतो, चहा अर्ध्या-पाऊण तासानं. ज्यांना रिकाम्या पोटी मळमळतं त्यांनी भाकरीचा तुकडा किंवा मुरमुरे खावेत, दूध नको. मटकीची उसळ, डाळ, पनीर, अंडी, मटण सोडायचं नाही, कारण अंगातली ताकद गेली तर कामच संपलं. पण माझ्या डॉक्टरांनी त्याचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात नेला आणि दुपारची गोळी लागू पडायला लागली. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. पोट साफ नसलं तरी गोळी उशिरा चढते, म्हणून पाणी आणि पालेभाजी हाही उपचाराचाच भाग समजा.

पहिली काही वर्षं गोळी दिवसभर पुरल्यासारखी वाटते. नंतर तिचा अंमल तीन-चार तासांवर येतो. पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच पाय जड होतात, बोलणं पुटपुटल्यासारखं होतं, जीव उगाच घाबरा होतो. हे आळशीपण नव्हे, आजार एकदम वाढला असंही नव्हे. गोळी उतरली, इतकंच. अशा वेळी आपल्या मनानं एक गोळी जादा घेऊ नये, कारण जास्त मात्रेनं अंग आपोआप वळवळू लागतं. डॉक्टर त्याच औषधाचे लहान भाग करून ते जवळजवळ देऊ शकतात, किंवा अंमल लांबवणारं दुसरं औषध जोडतात. एन्टाकापोन दिलं तर लघवी तांबूस-पिवळी होते, घाबरू नका. आणि गोळी चढलेली असताना जे तास मिळतात, त्यांत दिवसाचं नेमकं काम बसवा. मी कात्री त्या तासांतच हातात धरतो. फोन, हिशेब, व्यापाऱ्याशी बोलणं मात्र चेहरा आणि आवाज साथ देत असताना करावं लागतं, म्हणून तेही त्यातच. राहिलेल्या वेळात बसून पाहणी.

सगळ्यात महत्त्वाची सावधगिरी सांगतो, कारण ती मला जिवावर बेतून कळली. ऐन गोडी छाटणीत मला उलट्या सुरू झाल्या. बाहेरचं खाणं बाधलं असावं. जवळच्या एका दवाखान्यात उलटी थांबवण्याचं इंजेक्शन मिळालं आणि रोजच्या गोळ्या पोटात टिकत नव्हत्या. संध्याकाळपर्यंत मी खाटेवर कूस बदलू शकत नव्हतो. तोंडातली लाळ गिळता येईना. घरच्यांना पक्षाघात वाटला. नाशिकला नेल्यावर उलगडा झाला. मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे पेरिनॉर्म, आणि प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे स्टेमेटिल, ही उलटीची औषधं मेंदूत डोपामिनचाच रस्ता अडवतात. पार्किन्सनच्या माणसाला ती देऊ नयेत. चक्कर आणि अर्धशिशीवर सर्रास दिली जाणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, तसंच भ्रमावर देतात ते हॅलोपेरिडॉल, हीसुद्धा त्याच वर्गात मोडतात. उलटीसाठी डॉमपेरिडोन बहुतेकांना चालतं, तेही हृदयाचा त्रास नाही ना हे डॉक्टरांनी पाहून. गावातल्या डॉक्टरांवर शेकडो रुग्णांचा भार असतो. आपण सांगितल्याशिवाय त्यांना आपला आजार कळणार कसा, आणि उलट्या होत असलेला माणूस सांगणार कसा? म्हणून या औषधांची नावं एका कागदावर लिहून, त्यावर ‘मला पार्किन्सन आहे’ असं ठळक लिहून, तो कागद खिशात, गाडीत आणि बायकोच्या पाकिटात ठेवला आहे. तुम्हीही आजच लिहा.

गोळ्या संपल्या, मेडिकलमध्ये आल्या नाहीत, लग्नाला गेलो आणि पिशवी घरी राहिली, असं होतं. एखादी गोळी चुकली तर निभतं. पण हे औषध एकदम बंद पडलं तर अंग ताठून कडक ताप येऊ शकतो, शुद्ध हरपू शकते, आणि ते जिवावर जातं. पंधरा दिवसांचा साठा घरात कायम हवा.

पार्किन्सनच्या काही रुग्णांना प्रॅमिपेक्सॉल किंवा रोपिनिरॉल देतात. चांगली औषधं आहेत, पण त्यांच्या दोन गोष्टी घरच्यांना माहीत असायलाच हव्यात. पहिली, बसल्या बसल्या अचानक झोप लागते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला, वणी-सापुतारा रस्त्यावर दुचाकीनं जाणाऱ्याला हे किती धोक्याचं आहे ते सांगायला नको. दुसरी गोष्ट लोक लाजेनं बोलत नाहीत. काहींना या औषधानं जुगाराची, खरेदीची, खाण्याची किंवा कामेच्छेची अनावर ओढ लागते. आयुष्यभर पै-पै जपलेला माणूस मोबाइलवर रात्रभर रमी खेळू लागतो. त्याचा स्वभाव बिघडला म्हणून घरात भांडणं होतात. मात्रा कमी केली की ही ओढ बहुधा ओसरते. घरच्यांनी संकोच न करता डॉक्टरांना सांगितलं पाहिजे.

आणि कुहिलीची पावडर. पाहुणे आणतातच. आयुर्वेदात कंपवातावर खाजकुहिलीचं बी वापरतात, आणि त्यात तथ्य आहे. १९३७ मध्ये आपल्याच देशातल्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी त्या बियांमधून लेव्होडोपा वेगळं काढलं होतं. पण म्हणूनच ती ‘निरुपद्रवी झाडपाला’ समजून गोळीबरोबर खाऊ नये. तेच औषध दोन वाटांनी पोटात जातं, आणि पावडरीच्या चमच्यात ते किती आहे याचा भरवसा नसतो. रक्तदाब उतरतो, अंग वळवळतं, आणि डॉक्टर बिचारे गोळीत दोष शोधत बसतात. घ्यायचीच असेल तर त्यांना सांगून घ्या.

रक्तदाबावरून आठवलं. या आजारात आणि या औषधांनी उभं राहताच दाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मांडवाच्या तारा ओढायला शिडीवर चढणं मी सोडलं. वाकून केलेल्या कामानंतर आधी बसतो, मग उठतो. ओळीच्या टोकाला वळताना पाय जमिनीला चिकटतात, तेव्हा ढकलाढकली करून उपयोग नाही. थांबून मनात एक-दोन-एक-दोन म्हणायचं आणि समोरच्या रेघेवर पाऊल टाकायचं. डोळ्यांना रेघ दिसली की पाऊल उचलतं, हे शास्त्रानंही मान्य केलेलं आहे. आमच्या ओट्यावर आणि पॅकिंगच्या शेडमध्ये पोरांनी फक्कीच्या रेघा मारून दिल्या आहेत.

फवारणीपासून तर मी पूर्ण दूर आहे. माझा आजार औषधं मारून झाला का, याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. एका माणसाबाबत ते सिद्ध करता येत नाही. पण १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात अशुद्ध अमली पदार्थ टोचून घेतलेली तरुण मुलं एकाएकी पार्किन्सनसारखी गोठली, तेव्हा त्यातलं एमपीटीपी हे रसायन सापडलं. शरीरात त्यापासून जे विष बनतं त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. फ्रान्सनं २०१२ मध्ये कीडनाशकांच्या संपर्कात काम करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांचा पार्किन्सन हा व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. तोही द्राक्षाचाच देश आहे. आपल्या पट्ट्यात एका हंगामात किती फवारे होतात ते आपल्याला ठाऊक आहे, आणि तुंबलेला नोझल तोंडानं फुंकणारे हातही मी पाहिले आहेत. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्यांना हातमोजे आणि मास्क देणं हा बागायतदाराच्या खर्चाचाच भाग आहे. माझ्या मुलाला मी हे रोज बजावतो, अगदी तो वैतागेपर्यंत.

लोकांना सांगावं की नाही? माझं मत, सांगावं. या आजारात चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. मुकादमाला वाटायचं मालक रागावले आहेत. एका हजेरीच्या वेळी सगळ्यांना सरळ सांगितलं की हा आजार आहे, संसर्गाचा नाही, मी हळू बोलतो तेव्हा जवळ या. काम सोपं झालं. नोकरदारांनी तर नक्कीच कळवावं, कारण त्यांच्या पाठीशी कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत पार्किन्सन आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं, आणि तसं पद नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवावं लागतं. जिल्हा परिषदेचा शिक्षक, ग्रामसेवक, एसटीचा चालक, कुणीही असो, राजीनामा लिहिण्याआधी हे कलम वाचा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी या ओळखपत्रासाठी अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. बहुतेक सवलतींना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

औषधाच्या जोडीला व्यायाम हवाच, आणि शेतातली धावपळ म्हणजे व्यायाम नव्हे. पाठ ताणणं, हात झुलवत मोठी पावलं टाकणं, मोठ्यानं वाचणं हे वेगळं करावं लागतं. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ या बाबतीत मोठं काम करतं. नर्तक हृषीकेश पवार तिथल्या रुग्णांना नृत्य शिकवतात. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून रुग्णांचे आधारगट चालवते. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतही असे गट उभे राहिले पाहिजेत, अशी माझी फार इच्छा आहे.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या. भेटीआधीचे तीन दिवस, गोळी किती वाजता घेतली, किती वाजता चढली, किती वाजता उतरली, काय खाल्लं, कधी अंग वळवळलं, कधी पडलो, एवढंच त्यात लिहा. ‘बरं नाही वाटत’ या वाक्यावरून मात्रा ठरत नाही. आणि दुसऱ्या कशासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर पहिल्याच तासात परिचारिकेला सांगा की या गोळ्या वॉर्डातल्या फेरीच्या वेळेला नाही, माझ्या वेळेला लागतात, आणि वेळा लिहिलेला कागद केसपेपरला लावायला लावा.